सँडाउनचा सूर्यास्त

देवस्थळी मास्तरांनी दुसऱ्याच्या कागदाला कधी हात लावला नाही. ड्रॉइंगचा मास्तर म्हटला की तो मुलीच्या हातातली पेन्सिल काढून घेणार, तिने काढलेल्या बाईचं नाक सरळ करणार, झाडाला चार फांद्या ठोकणार, आणि मग घरी आईबाप म्हणणार, काय सुंदर काढलंय आमच्या बेबीने! मास्तरांच्या लेखी हे पाप होतं. मुलीचं मांजर उंदरासारखं झालं तर ते स्वतःचा वेगळा कागद घेत, त्यावर मांजर काढून दाखवत आणि तो कागद घडी करून कोटाच्या खिशात टाकत. मुलीचा उंदीर उंदीरच राहायचा. खाली मात्र तिची सही हवी. "सही करा, मग दाखवा," हे त्यांचं वाक्य. पाच वर्षांची पोरगी असो की मॅट्रिकची घोडी, सही केल्याशिवाय मास्तर चित्राकडे बघायचे नाहीत.

लग्न होऊन मी साताऱ्याहून थेट कलकत्त्याला आले. हे केंद्र सरकारच्या हिशेबखात्यात, बदलीवर तिथे. स्वातंत्र्य मिळून थोडीच वर्षं झाली होती. भवानीपुरात एका बंगाली घरमालकाच्या दुसऱ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या, समोर मास्तरांची एक, आणि मध्ये एक लांबलचक व्हरांडा. मला बंगाली येत नव्हतं, हिंदी तोडकंमोडकं, आणि इंग्रजीचं नि माझं शाळेपासूनच वैर. दिवसभर ज्याच्याशी मराठी बोलता येईल असा जवळपास एकच माणूस होता, तो म्हणजे मास्तर. तेही मुलींच्या शाळेतून संध्याकाळी येणार, चहाचा कप हातात घेऊन व्हरांड्यात उभे राहणार आणि कलकत्त्याच्या तांदळाला नावं ठेवणार.

पहिल्या दिवाळीला मी दारात ठिपक्यांची रांगोळी काढली. मास्तर बाहेर आले, टोपी सारखी केली आणि बराच वेळ बघत राहिले. मला कळलं की काहीतरी चुकलंय. विचारलं तर म्हणाले, "छान आहे." मग आत जाऊन खडू घेऊन आले आणि स्वतःच्या दारात, गुडघ्यांवर बसून, तीच रांगोळी त्यांनी काढली. माझी एक ओळ कुठे घसरली होती ते तेव्हा दिसलं. मी पुसायला वाकले तर ओरडले, "अहो वहिनी, पुसता काय! तुमची आहे ती. फक्त सही राहिली." आणि मी, साताऱ्याच्या देशपांड्यांची लेक, रांगोळीच्या खाली बोटाने 'सुमती' असं लिहिलं. घरमालकाच्या मुली जिन्यात उभ्या राहून खिदळत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांनीही आपल्या आल्पनेखाली, म्हणजे त्यांच्या बंगाली रांगोळीखाली, सह्या केल्या.

मास्तर अंगाने उंच, थोडे पोक आलेले, धोतर, गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट, काळी टोपी. खिशात पेन्सिलींचे बुटके तुकडे, त्यामुळे जिना चढताना ते खुळखुळत यायचे. माणूस मूळचा हर्णैचा. मुंबईला चित्रकला शिकले, नोकरीपायी कलकत्त्याला आले आणि राहिले. बायको फार लवकर गेली होती. तिच्याबद्दल ते बोलत नसत, बोलायचे ते समुद्राबद्दल. बोलायचे म्हणजे काय, कुरकुर करायचे. कलकत्त्यात गंगा आहे, जहाजं आहेत, बंदर आहे, पण समुद्र नाही, ही त्यांची कायमची तक्रार होती. रविवारी ते आम्हा दोघांना ट्रामने बाबूघाटावर घेऊन जात. तिथून पश्चिमेला पलीकडच्या काठावर हावडा. सूर्य खाली यायला लागला की मास्तर पायरीवर बसायचे, आम्हालाही बसवायचे. आणि सूर्य पाण्याला टेकायच्या ऐवजी हावड्याच्या गिरण्यांच्या चिमण्यांमध्ये शिरला की हात झटकून उठायचे.

"बुडाला धुरात! चला."

एकदा मराठी मंडळाची सहल पुरीला निघाली. आम्ही म्हटलं, मास्तर, चला, समुद्र आहे. तर म्हणाले, "तो उलटा समुद्र. त्यात सूर्य बुडत नाही म्हणतात. सकाळी उठून काय बघायचं त्याच्याकडे?" आणि खरंच आले नाहीत. बंगालचा समुद्र तेवढा उलटा आणि बाकी जगातले सगळे सरळ, हर्णैसारखे, असं त्यांचं पक्कं होतं. आम्ही हसलो होतो. मीसुद्धा.

आता नाना सामंतांकडे यायलाच हवं. माझी जीभ इथे जड होते, पण माणूस वाईट दिसत नव्हता, हे आधी सांगते. तिसऱ्या पिढीचे कलकत्तेकर, गोरे, हसरे, सेंटचा वास, बोलणं निम्मं मराठी निम्मं बंगाली. मास्तरांना ते 'मास्टरमोशाय' म्हणायचे. कलकत्त्यातल्या मराठी माणसाचं पान नानांवाचून हलत नव्हतं. आमच्या खोल्या त्यांनी मिळवून दिल्या, रेशनकार्ड त्यांनी करून दिलं, मंडळाचा गणपती त्यांच्या जिवावर उभा राहायचा, आणि मास्तर ज्या शाळेत शिकवत तिच्या कमिटीवरही नाना होते. गणपतीची पहिली आरती कुणाच्या हातून होणार हे कधी कुणी विचारलंही नाही.

धंदा जुन्या वस्तूंचा. त्या वर्षांत साहेब लोक घरं आवरून विलायतेला निघाले होते, आणि रविवारी त्यांच्या सामानाचे लिलाव चालायचे. पियानो, पलंग, हरणांची डोकी, चांदीचे चमचे. नाना तिथून तसबिरी उचलायचे. विलायती गावांची जुनी छापील चित्रं, धातूच्या पत्र्यावर कोरून कागदावर उठवलेली, बारीक काळ्या रेघांची. ती साफ करायची, नवी फ्रेम घालायची आणि विकायची.

एका दुपारी नाना असंच एक चित्र बगलेत घेऊन आमच्या व्हरांड्यात आले. मी तांदूळ निवडत होते. त्यांनी चित्र मास्तरांच्या टेबलावर टाकलं आणि म्हणाले, "बघा, मास्टरमोशाय! समुद्र!"

खरंच समुद्र होता. वाइट नावाच्या विलायती बेटावरचं सँडाउन हे गाव, त्याचं नाव खाली इंग्रजीत छापलेलं. मास्तरांनी मला वाचून दाखवलं. साहेब लोक हवा खायला तिथे जात. डावीकडे गाव, गावामागे टेकडी, उजवीकडे पाणीच पाणी, लांब एक कडा. वाळूवर ही गर्दी. छत्र्या घेतलेल्या मडमा, टोप्यांतली पोरं, काही पोरं गाढवांवर बसलेली. आमच्याकडे गाढवावर माणसाला बसवतात ते वेगळ्या कारणाने, असं मी म्हटलं, तर मास्तर हसले. पाण्याच्या कडेला चाकांवरच्या लाकडी खोल्या होत्या. त्या कशाला असं विचारलं तर मास्तर जरा लाजून म्हणाले, बायका त्यात बसून पाण्यात जातात, कुणाला दिसू नये म्हणून. सगळं काळ्या रेघांचं. रंगाचा टिपूस नव्हता. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय आणि आज मरायला टेकले तरी तेच सांगेन.

"यात रंग भरायचे," नाना म्हणाले.

मास्तरांनी चित्र हळूच त्यांच्याकडे सरकवलं. "दुसऱ्याचा कागद आहे, नाना. कोरणाऱ्याने त्याला हवं तेवढं केलंय. मी त्यावर हात मारणार नाही."

"अरे बाबा, विलायतेत हीच रीत होती. कोरणारा एक, रंगवणारा दुसरा. काळी चित्रं घ्यायचे आणि मग रंगाऱ्याकडे द्यायचे. बुझलात?" नानांचं हे खरं होतं. त्यांच्या बोलण्यात खरं नेहमी पुष्कळ असायचं.

 मास्तरांची बोटं मात्र कागदाच्या कडेवरून फिरत होती. किती वर्षांत त्यांना कुणी समुद्र काढायला सांगितला नव्हता! शाळेत पेरू, घडवंची आणि पितळी तांब्या. शेवटी म्हणाले, "भरतो. पण खाली माझं नाव राहील. कोरणाऱ्याचं छापलेलं आहे, तसं रंग माझे असं खाली लिहीन. आणि विकताना तुम्ही ते सांगायचं."

"आलबत! तुमचं नाव खाली राहील. मी स्वतः सांगेन, आमच्या मास्टरमोशायचे रंग आहेत म्हणून. वहिनी, तुम्ही साक्षीला." नाना माझ्याकडे बघून हसले. मी सुपातले खडे बाजूला काढले आणि मान डोलावली.

त्यानंतर कितीतरी दिवस मास्तरांनी चहा थंड केला. आधी कागदावर तुरटीचं पाणी फिरवलं, रंग पसरू नये म्हणून. मग उन्हाळ्याच्या सुट्टीत रोज व्हरांड्यात बसून, केसाएवढ्या कुंचल्याने. मडमांचे झगे, छत्र्या, गाढवांची खोगिरं. मला बोलावून विचारायचे, वहिनी, ही बाई जरा ठसक्यातली दिसते, हिला कुठला रंग? मी म्हटलं, जांभळा. ती जांभळी झाली. शेवटी आकाश आलं. त्या दिवशी ते कुणाशी बोलले नाहीत. संध्याकाळी मला हाक मारली.

समुद्रावर सूर्य टेकला होता. केशरी, मग तांबडा, मग वरती कुठेतरी जांभळट. पाण्यावर त्याची लांब पट्टी, थेट वाळूपर्यंत. गावातल्या खिडक्यांमध्ये नुकतेच दिवे लागलेले, पिवळे, नखाएवढे. त्या गर्दीतल्या एकेका माणसाच्या गालावर तो तांबूस उजेड होता. मी साताऱ्याची, मला समुद्राचं काय कौतुक, पण माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मास्तर स्वतःही बघत उभे होते. हळूच म्हणाले, "आमच्या हर्णैला अस्संच होतं." मग गावाच्या छापील नावाखाली, बोटभर जागा सोडून, पेन्सिलीने त्यांनी इंग्रजीत लिहिलं. मला अर्थ सांगितला. रंग, य. वि. देवस्थळी, कलकत्ता.

नाना चित्र घेऊन गेले. पुढे त्याचं काय झालं ते मास्तरांनी विचारलं नाही, आणि मीही.

त्या थंडीत मास्तरांच्या शाळेच्या हेडबाई, मिस हॅलिडे, कायमच्या विलायतेला निघाल्या. अख्खी हयात त्यांनी कलकत्त्यात मुली शिकवण्यात घालवली होती. कडक बाई, पण मास्तरांना मानायच्या. शाळेने मोठा निरोपसमारंभ केला. कमिटीचे लोक, पालक, आमची पाच-सहा मराठी कुटुंबंही, कारण त्यांच्या मुली त्याच शाळेत. मला मूल नव्हतं तेव्हा, पण नानांनी आग्रहाने बोलावलं म्हणून आम्ही दोघं गेलो. भाषणं इंग्रजीत. हे माझ्या कानाशी लागून एकेक वाक्य मराठीत सांगत होते. ह्यांचं इंग्रजी फार चांगलं होतं, ते मला त्या दिवशी अभिमानाने जाणवलं.

मग नाना उठले. म्हणाले, शाळेतर्फे बाईंना एक भेट, त्यांच्या जन्मगावाची. कापड बाजूला केलं आणि माझ्या शेजारच्या रांगेत मास्तर ताठ झाले. सँडाउन! सोनेरी फ्रेममध्ये, दिव्याखाली, तो सूर्य झळकत होता. मास्तरांचा चेहरा मी पाहिला. पोराचं बक्षिसाला नाव पुकारणार असं कळलेल्या बापाचा चेहरा. कोटाचं वरचं बटण त्यांनी चाचपून बघितलं.

"शंभर वर्षांपूर्वीचं चित्र," हे मला सांगत होते, "आणि नाना म्हणतायत, रंगसुद्धा तेव्हाचेच. जसेच्या तसे. असा नमुना आता विलायतेतही मिळायचा नाही."

मी ह्यांच्याकडे बघितलं. मास्तरांचं नाव? चित्राभोवती जाड पांढऱ्या पुठ्ठ्याची चौकट होती. फ्रेमवाले तिला माउंट म्हणतात. ती बरोब्बर गावाच्या छापील नावाखाली येऊन थांबली होती. त्याच्या खालचं काही दिसत नव्हतं. मास्तर अजून वाटच बघत होते, नानांचं वाक्य पुरं व्हायची.

बाई चित्रापाशी आल्या. आधी तोंडावर हात घेतला. एक घर बोटाने दाखवलं, काहीतरी पुटपुटल्या, हसल्या. मग बघता बघता त्यांचं हसू थांबलं. त्या जे बोलल्या ते ह्यांनी मला सांगितलं, तेव्हा ह्यांचाही आवाज बदलला होता.

"त्या म्हणतायत, आमच्या गावी सूर्य समुद्रातून वर येतो. पहाटे. तेव्हा वाळूवर कोळ्यांशिवाय कुणी नसतं. मावळतो तो गावामागे, टेकडीआड. संध्याकाळी आमचा समुद्र राखाडी होतो. हा सूर्यास्त कुणाचा आहे?"

रागाने नाही, बाईंनी नवलाने विचारलं. पण कमिटीतल्या एका बंगाली गृहस्थांना चित्रांतलं कळत होतं. ते उठून जवळ गेले, चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, हे रंग जुने नाहीत, फ्रेम उघडा. नाना म्हणाले, छे, समारंभात कशाला. पण शिपाई चाकू घेऊन आलाच. मागचा कागद फाडला, पुठ्ठा काढला. आणि पेन्सिलीतली ती ओळ सगळ्यांसमोर आली. नानांनी ती खोडली का नव्हती, ते मला आजतागायत कळलेलं नाही. फ्रेमच्या आत कोण बघतो, असं वाटलं असेल.

नानांचा चेहरा क्षणभर उतरला. क्षणभरच. मग ते मास्तरांकडे वळले, आणि अशा दुखावलेल्या आवाजात बोलले की अनोळखी माणसाला त्यांचीच दया यावी. ह्यांनी मला सांगितलं ते असं: "मास्टरमोशाय, हे काय केलंत? याच्यावर जुने नाजूक रंग होते. मी तुम्हाला फक्त धूळ पुसायला दिलं होतं. तुम्ही त्यावर आपली कारागिरी चढवलीत? आणि वर सही ठोकलीत?"

दुसऱ्याच्या कागदावर हात मारला! मास्तरांनी! बाकी कुठलाही आळ घेतला असता तर मी एवढी पेटले नसते.

सगळे मास्तरांकडे बघत होते. ते उठले, खिशातले तुकडे खुळखुळले, आणि ते चालत गेले ते नानांकडे नाही, चित्राकडे. नाना काय म्हणाले ते जणू त्यांच्या कानावर पडलंच नव्हतं. त्यांनी बाईंना विचारलं, समुद्र पूर्वेला आहे? बाई म्हणाल्या, हो. मास्तर त्या सूर्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "मी कधी विचारलंच नाही. आकाश माझं आहे. चूक माझी. मला क्षमा करा."

झालं. सगळ्यांना जे हवं होतं ते मिळालं. नानांनी मोठ्या मनाने मास्तरांच्या पाठीवर हात ठेवला. तो हात बघितला आणि मी उभी राहिले.  मला जी एकच भाषा येत होती तीत मी बोलले.

"खोटं आहे हे! काळं चित्र होतं. माझ्यासमोर आणलंत तुम्ही. मास्तर नको म्हणत होते. नाव खाली राहील असं तुम्ही म्हणालात, नाना. मला साक्षीला धरलंत. आता बोला!"

 माझं बोलणं समजणारी माणसं तिथे भरपूर होती. सगळी कलकत्त्यातली मराठी घरं. एकानेही तोंड उघडलं नाही. कुणी चपलांकडे बघत होतं, कुणी पोरीची फीत बांधत होतं. नाना मराठीत म्हणाले, "वहिनी, घरी बोलू." बाईंनी मात्र माझ्याकडे बघितलं. त्यांना माझा चेहरा कळला असणार, शब्द कळले नसणार. त्यांनी ह्यांना विचारलं. मी ह्यांच्याकडे वळले. सबंध संध्याकाळ इंग्रजीचं मराठी करणारा माणूस. आता एकदाच मराठीचं इंग्रजी करायचं होतं.

हे काहीतरी थोडकं बोलले आणि माझ्या दंडाला धरून मला खाली बसवलं. बाईंनी सहानुभूतीने मान हलवली.

ट्राममध्ये मी विचारलं, काय सांगितलंत?  खिडकीबाहेर बघत म्हणाले, "म्हटलं, तिला मास्तरांसाठी वाईट वाटतंय." मग म्हणाले, राहायची जागा नानांच्या शब्दावर मिळालीय, सुमा. परक्या मुलखात राहायचंय आपल्याला. ह्यांच्याबरोबर मी पुढे उभा जन्म संसार केला. चांगला माणूस, कधी आवाज चढवला नाही. पण त्या ट्राममध्ये जे तुटलं ते मी शिवत बसले नाही, आणि ह्यांनाही ते माहीत होतं.

शाळेने मास्तरांना काढलं नाही. नव्या वर्षी ड्रॉइंगचे तास कमी केले आणि मग होते ते एका नव्या बाईंकडे दिले, इतकंच. त्याहून मला लागलं ते रविवारचं. रविवारी सकाळी मंडळाची पोरं मास्तरांच्या खोलीत चित्रं काढायला यायची. समारंभानंतरच्या रविवारी मास्तरांनी चटई घातली, पाण्याच्या वाट्या भरून ठेवल्या आणि दार उघडं ठेवून बसले. एकही पोर आलं नाही. सगळ्या घरांना खरं माहीत होतं, म्हणून तर आलं नाही. खोटं वाटलं असतं तर एखादा तरी विचारायला आला असता. दुपारी त्यांनी वाट्यांतलं पाणी व्हरांड्यातल्या तुळशीला घातलं.

काही महिन्यांनी नाना आले. तेच हसू, हातात संदेश मिठाईची हंडी, बगलेत तीच तसबीर. बाईंनी ती नेली नव्हती. म्हणाले, "झालं गेलं विसरा, मास्टरमोशाय. एक गिऱ्हाईक आहे. आकाश तेवढं दुरुस्त करून द्या. तुमच्याइतका हात कुणाचा नाही."

मला वाटलं, आता तरी. आता हे चित्र याच्या टाळक्यात घालतील. मास्तरांनी चित्र घेतलं, उजेडात धरलं आणि म्हणाले, "ठेवून जा."

मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी राहवेना, गेले. ओल्या स्पंजने ते सूर्य उचलत होते. केशरी रंग वाटीत उतरत होता. मी म्हटलं, "त्या माणसासाठी?"

"त्याच्यासाठी कशाला? चुकलंय ते. चुकलेलं मागे ठेवून जायचं नाही."

जायचं, हे मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. सूर्य गेला, पाण्यावरची पट्टी गेली, गालांवरचा उजेड गेला. त्यांनी समुद्र राखाडी केला आणि टेकडीच्या मागे एक फिकट कड ठेवली, फक्त बाईंच्या गावच्या माणसाला ओळखू येईल अशी. खिडक्यांतले दिवे तसेच राहिले, ते बरोबर होते. मग रबराने त्यांनी पेन्सिलीची जुनी ओळ खोडली आणि कागदावरचा चुरा फुंकून टाकला. मी वाट बघत होते. टेबलावरचा पेन्सिलीचा तुकडा मी उचलून त्यांच्यापुढे धरला.

"मास्तर, सही?"

त्यांनी मान हलवली. "नको, वहिनी."

ज्या माणसाने माझ्या रांगोळीवरही सही करायला लावली, त्याचं हे बोलणं ऐकून मी खोलीत येऊन रडले. चित्र नाना घेऊन गेले, आणि त्यांनी ते कुणाला काय म्हणून विकलं ते मला माहीत नाही.

मास्तर हर्णैला परत निघाले तेव्हा निरोप द्यायला हावड्याला आम्ही दोघंच होतो. मंडळातलं चिटपाखरू नव्हतं. ह्यांनी त्यांची ट्रंक स्वतः उचलली, हमालाला हात लावू दिला नाही. ते बघून मास्तर संकोचले. संध्याकाळची मुंबईची गाडी. हे पाण्याचा फिरकीचा तांब्या भरून आणायला जाताच मी डब्याच्या खिडकीत बसलेल्या मास्तरांना विचारून घेतलं. इतके महिने ते मनात होतं.

"तुम्ही त्या दिवशी का बोलला नाहीत?"

 "बाईंनी आकाशाचं विचारलं, मी आकाशाचं सांगितलं. माझं चुकलं होतं ना. त्याच्यापुढे दुसरं काही सुचलंच नाही. नाना काय म्हणाले ते मला नीट कळलं तेव्हा लोक चहाला उठले होते." मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुम्ही बोललात ते ऐकलं मी, वहिनी. सगळं ऐकलं."

गाडीने शिट्टी दिली. हे गर्दीतून धावत येत होते. प्लॅटफॉर्मच्या उघड्या टोकाकडून, छपराच्या खालून, मावळतीचा तांबडा उजेड आडवा आत आला होता. डब्यांवर, हमालांच्या डगल्यांवर, मास्तरांच्या टोपीवर. किती रविवार या माणसाने आम्हाला घाटावर बसवून याच उजेडाकडे बघायला लावलं होतं! आता तर हा माणूस त्या बाजूलाच निघाला होता, दोन दिवसांनी हर्णैला पोचून खऱ्या समुद्रात सूर्य बुडताना बघणार होता. मला वाटलं, मास्तर मान वळवतील, धुराबद्दल काहीतरी कुरकुरतील. गाडी हलली. मास्तरांनी हात वर केला. मला वाटलं निरोपाचा. त्यांनी खिडकीचं लाकडी शटर धरलं आणि पार खालपर्यंत ओढून घेतलं.

"ऊन येत असेल डोळ्यांवर," हे धापा टाकत म्हणाले.

मास्तरांना द्यायचा पाण्याचा तांब्या ह्यांच्या हातातच राहिला होता.